मेंडोलिनची तबली : लाकूड पारखावं कसं, मुरवावं कसं

वखारीत फळी निवडताना बहुतेक जण तिचा चेहरा बघतात: रंग, चकाकी, गाठी. मेंडोलिनची तबली, म्हणजे तारांखालची वरची फळी, करू पाहणाऱ्यानं आधी फळीचं टोक बघावं. कापलेल्या टोकावर झाडाची वर्षवलयं रेघांसारखी उमटलेली असतात. या रेघा फळीच्या रुंद बाजूला काटकोनात, सरळ उभ्या असतील तर पुढची बोलणी करावीत. त्या आडव्या पसरलेल्या किंवा कमानीसारख्या वाकलेल्या असतील, तर फळी कितीही देखणी असली तरी कपाटाच्या दारासाठी सोडून द्यावी. टोक बहुधा मातीनं नाहीतर रंगानं माखलेलं असतं. म्हणून पिशवीत एक धारदार पटाशी ठेवावी आणि टोकाचा जरासा भाग तासून बघायची परवानगी मागावी. खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकाला वखारवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

उभ्या वलयांचा हा आग्रह कोल्हापुरात तर सोडूच नये. मार्चमधल्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरते. जुलैत पाऊस लागून राहिला की ती ८५-९० टक्क्यांवर जाऊन बसते. लाकूड कितीही सुकलं तरी हवेशी चाललेली त्याची देवघेव थांबत नाही. घरात ठेवलेल्या फळीतला ओलावा वर्षभरात साधारण ८ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत हलतो. मेंडोलिनची तबली सर्वांत रुंद जागी सुमारे २५० मिलिमीटर असते. स्प्रूसची, उभ्या वलयांची तबली एवढ्या फरकानं आडवी जवळपास ३ मिलिमीटर फुगते किंवा आक्रसते. वलयं आडवी असतील तर हाच आकडा ५ मिलिमीटरवर जातो. तबली कडेनं बाजूच्या पट्ट्यांना घट्ट चिकटवलेली असते, तिला सरकायला जागा नसते. मग पावसाळ्यात ती पोट काढते आणि उन्हाळ्यात मधोमध चिरते.

ताकदीचाही प्रश्न आहे. स्प्रूससारख्या मऊ लाकडाची आडवी ताठरता वलयं उभी असताना सर्वांत जास्त असते आणि ती ४५ अंशांत कलली की झपाट्यानं ढासळते. मेंडोलिनच्या आठ तारा सुरात लावल्यावर त्यांचा एकत्रित ताण ७५ ते ८५ किलोच्या घरात जातो. या ताणाचा एक हिस्सा घोडीमार्फत तबलीवर खाली दाबतो, आणि तबली असते मधोमध जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर जाड. तिनं हा भार वर्षानुवर्षं पेलायचा आणि तरीही नखीच्या एका स्पर्शानं थरथरायचं. हलकं असूनही ताठ असलेलं लाकूड लागतं ते याचसाठी.

हलकं आणि ताठ यांची सांगड निसर्गात ज्या मोजक्या झाडांनी घातली आहे, त्यांत स्प्रूस पहिलं. नेपल्सच्या विनाचिया घराण्यानं अठराव्या शतकात केलेल्या मेंडोलिनांपासून अमेरिकेच्या गिब्सन कंपनीनं १९२२ ते १९२४ या काळात लॉइड लोर यांच्या सहीनं विकलेल्या एफ-५ मेंडोलिनांपर्यंत तबली स्प्रूसचीच राहिली. ऑर्व्हिल गिब्सन यांनी १८९८ मध्ये पेटंट घेतलं ते व्हायोलिनसारखी फुगीर, ठोकळ्यातून कोरून काढलेली तबली मेंडोलिनला बसवण्याच्या पद्धतीचं. आज हातानं मेंडोलिन करणारे बरेच जण याच कोरीव तबलीच्या मागे असतात.

लाकडातून फुगीर तबली कोरून काढणं शिकायला मात्र कोल्हापूरकरांना परदेशी जावं लागत नाही. पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत ते काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांनी मिरजेला देशभरातल्या गवयांच्या नकाशावर नेऊन ठेवलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचा तंबोऱ्याचा कान आणि इथल्या कारागिरांचा हात एकमेकांच्या संगतीत तयार झाला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड बहुतेक कर्नाटकातून आलेलं तून, आणि तबली हातानं तासून, पोटातून पोखरून फुगीर केलेली. मेंडोलिन करणाऱ्यानं यातलं शेवटचं काम एकदा जवळून पाहावं. पटाशीचा कोन, अंगठ्यानं जाडी चाचपण्याची सवय, मधूनच तबली कानाशी धरून बोटानं वाजवणं, या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत.

पण मिरजेचं लाकूड जसंच्या तसं मेंडोलिनला चालेल का? इथं थोडं थांबून विचार करायला हवा.

तून हलकं, लालसर, किंचित सुगंधी आणि कीड सहसा न लागणारं लाकूड आहे. त्याची घनता साधारण ०.५० धरता येते, म्हणजे एका घनमीटरचं वजन ५०० किलोच्या आसपास. चांगलं स्प्रूस ४०० ते ४४० किलोत बसतं आणि तरीही उभ्या नसेत, म्हणजे धाग्यांच्या दिशेनं, तूनपेक्षा ताठ असतं. ध्वनी स्प्रूसमधून उभा सेकंदाला ५००० मीटरच्या वर धावतो, तूनमधून ४००० च्या आसपास. याचा अर्थ असा की तेवढीच ताठरता मिळवायला तूनची तबली थोडी जाड ठेवावी लागते आणि ती स्प्रूसच्या तबलीपेक्षा साधारण ३० टक्के जड होते. सागवान आणखी जड, घनमीटरला ६५० किलोच्या घरातलं. मानेला ते उत्तम, तबलीला नको.

तंबोऱ्याला हे वजन बाधत नाही. तिथं तार छेडली की नाद सावकाश उमलावा, जवारीतून रेंगाळत राहावा अशीच अपेक्षा असते. मेंडोलिनचं काम उलटं. त्याची तार आखूड, स्वर चटकन उसळतो आणि चटकन विरतो. म्हणून तर वादक एकाच स्वरावर नखी भरभर फिरवत नाद टिकवतो. जड तबली या उसळीला जागची हलत नाही. सज्जाद हुसेन यांनी मेंडोलिनवर रागदारी वाजवली, लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी स्टुडिओत मेंडोलिन वाजवत, आणि हिंदी गाण्यांतले ते थरथरते तुकडे आजही कानात आहेत. तो नाद हवा असेल तर तबली हलकी हवी. यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन विजेवरचं होतं, तिथं प्रश्नच वेगळा; तारेचा आवाज पिकअपमधून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि तबलीवर फार काही अवलंबून राहत नाही.

तेव्हा स्पष्ट सांगायचं तर, कोरीव फुगीर तबलीचं मेंडोलिन करायचं असेल तर स्प्रूस मिळवावं. सपाट तबलीचं, आतून दोन-तीन आडव्या दांड्यांचा आधार दिलेलं मेंडोलिन करायचं असेल तर तून निःसंकोच वापरावं. सपाट तबली तीन मिलिमीटरच्या आसपास आणता येते आणि ताठरपणाची उणीव दांड्या भरून काढतात. अशा वाद्याचा आवाज थोडा गोल, मऊ येतो, भावगीताच्या साथीला तो शोभतो. पहिलं वाद्य करणाऱ्यानं तर तूनपासूनच सुरुवात करावी. लाकूड जवळपास मिळतं, हाताखाली सोसतं आणि बिघडलं तर जीव फार हळहळत नाही.

आता लाकूड आणायचं कुठून? तूनसाठी मिरजेचे कारागीर ज्या वखारींतून माल उचलतात तिथंच जाणं शहाणपणाचं. वखारीत नावावर मात्र विसंबू नये. मिरजेकडे तूनला लाल देवदार म्हणतात, हिमालयातला खरा देवदार हे वेगळंच झाड, आणि कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमध्ये देवदार मागितला तर बहुधा पॅकिंगच्या पेट्यांचं पांढरट पाइन पुढे येतं. तीन लाकडं, तीन स्वभाव. तून रुंद पानांच्या झाडाचं लाकूड आहे. धारदार ब्लेडनं टोक साफ करून पाहिलं तर त्यात बारीक छिद्रं उघड दिसतात. पाइन, स्प्रूस, देवदार ही सूचिपर्णी झाडं, त्यांच्या टोकावर अशी छिद्रं दिसत नाहीत. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी फसगत टळते.

स्प्रूससाठी वाद्यांच्या लाकडाचा व्यापार करणाऱ्यांकडून चिरलेल्या पाचरांची जोडी मागवणं हा सरळ मार्ग. हिमालयातही स्प्रूसची एक जात आहे, पहाडी भागात तिला रई म्हणतात. सरळ नसेची, बिनगाठीची मिळाली तर ती जरूर घ्यावी. आणखी एक वाट कोल्हापूरकरांच्या दारातूनच जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत परदेशातून यंत्रं येतात ती लाकडी पेट्यांतून. युरोपातून आलेल्या पेट्यांत पाइनबरोबर स्प्रूसच्या फळ्याही सापडतात. पेटीवर कणसाच्या चिन्हाचा शिक्का असतो, त्यात देशाची दोन अक्षरं, जर्मनीसाठी डीई, इटलीसाठी आयटी. शेजारी एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास तापवलेलं आहे. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणूच नये. पाइन आणि स्प्रूस वेगळे काढायला नाक आणि डोळे पुरतात. पाइनचा गाभा लालसर, राळेचा वास उग्र. स्प्रूसमध्ये गाभा आणि बाहेरचा भाग जवळजवळ एकाच फिकट रंगाचे, रंधा मारल्यावर रेशमी चकाकणारे. पेटीतल्या फळ्यांत गाठी फार, वलयं रुंद आणि बहुतेक आडवी. त्यातून सबंध तबली निघणं नशिबाचा भाग, पण आतल्या दांड्यांसाठी आणि हात बसवण्यासाठी हा भंगाराच्या भावातला खजिना आहे. यंत्र उघडणाऱ्या कारखान्याच्या स्टोअरकीपरशी ओळख करून ठेवावी.

लाकूड हाती आलं की पारख सुरू. वलयांची दाटी हा लोकांचा आवडता विषय. एका इंचात ८ ते २० वलयं असली तर काळजीचं कारण नाही. दाटीपेक्षा सारखेपणा मोलाचा: एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला एकदम विरळ असेल तर ते लाकूड दोन स्वभावांचं असतं. गाठ, राळेची खाच, निळसर बुरशीचा पट्टा, बारीकशी आडवी चीर, यांतलं काहीही तबलीच्या मधल्या भागात नको.

सर्वांत फसवा दोष नजरेला लवकर सापडत नाही. नस फळीच्या पृष्ठभागाला समांतर न धावता हळूहळू खाली किंवा वर निघून जाते. झाड पिळदार वाढलं असेल किंवा करवत तिरकी चालली असेल तर असं होतं. अशा फळीची तबली घोडीखाली दबते आणि रंधा मारताना एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खरखरीत निघते. हा दोष शोधायचा एक सोपा उपाय आहे. फळीच्या कडेवर, म्हणजे तिच्या जाडीच्या बाजूवर, रंधा मारून ती साफ करावी आणि फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाकावा. शाई नसेच्या दिशेनं बारीक रेघ होऊन पसरते. रेघ कडेला समांतर गेली तर उत्तम. दहा सेंटिमीटरमध्ये अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त घसरली तर ती फळी तबलीसाठी नाही. शाई लागलेला भाग पुढे तासून निघतोच.

शक्य असेल तर ओंडका करवतीनं न कापता पाचर ठोकून चिरावा. करवत माणसाच्या मनाप्रमाणे जाते, पाचर झाडाच्या नसेप्रमाणे. चिरलेला तुकडा सपाट उघडला तर झाड सरळ वाढलेलं आहे. पंख्याच्या पात्यासारखा पिळलेला उघडला तर तो ओंडका तबलीसाठी नाही, एवढं तिथंच ठरतं.

वजन आणि आवाज यांची परीक्षा घरीच होते. समजा फळी ५० सेंटिमीटर लांब, १४ रुंद आणि अडीच जाड आहे. तिचं आकारमान १७५० घनसेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ७३५ ग्रॅम भरली तर घनता ०.४२, म्हणजे मनाजोगती. आता त्याच लाकडाची ५० सेंटिमीटर लांब, ३-४ रुंद आणि २ सेंटिमीटर जाड पट्टी काढावी. टोकापासून ११ सेंटिमीटरवर दोन बोटांनी सैल धरावी आणि मधोमध सपाट बाजूवर बोटाच्या पेरानं ठोकावं. मोबाइलमधलं सूर मोजणारं ॲप कंपनसंख्या सांगतं. याच मापाची चांगली स्प्रूसची पट्टी ४२० हर्ट्झच्या आसपास बोलते, तूनची ३४० च्या. माप तेच ठेवून जी पट्टी उंच सुरात बोलते तिच्यातून ध्वनी जास्त वेगानं धावतो. दुसरी गोष्ट कानानं ऐकायची: ठोकल्यावर नाद किती वेळ टिकतो. ठक्क करून बंद पडणारं लाकूड कितीही महाग असो, बाजूला ठेवावं. मिरजेचे जुने कारागीर ॲपशिवाय हेच करत आले आहेत, फक्त त्यांचं मोजमाप कानात असतं.

फळी निवडली, आता तिला मुरवायची. या टप्प्यावर घाई करणारे सगळ्यात जास्त पस्तावतात.

कोरीव तबलीसाठी दोन पाचरी लागतात. एकाच तुकड्याचे मधोमध दोन भाग करून ते पुस्तकासारखे उलगडायचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेघा आरशातल्यासारख्या जुळतात. प्रत्येक पाचर ४५ ते ५० सेंटिमीटर लांब, १४ सेंटिमीटर रुंद, जाड कडेला २५ मिलिमीटर आणि पातळ कडेला १२-१३ मिलिमीटर. जाड कडा मध्यावर येते कारण फुगवटा तिथं असतो. चिरल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्यावा. लाकडातलं पाणी टोकांतून झपाट्यानं उडतं, टोकं आधी आक्रसतात आणि फाटतात. थर दिला की सुकणं सावकाश आणि सारखं होतं. प्रत्येक पाचरीवर पेन्सिलनं तारीख, लाकडाची जात आणि वजन लिहावं.

ठेवायची जागा घराच्या आतल्या भागात असावी, जिथं ऊन पोहोचत नाही आणि वारा खेळतो. पाचरींच्या मध्ये सारख्या जाडीच्या चिपा ठेवून थर रचावेत. पत्र्याखालचा माळा सोयीचा वाटतो, पण एप्रिलमध्ये तिथलं तापमान लाकडाला भाजून काढतं आणि वरचा थर आतल्यापेक्षा आधी सुकून चिरा पडतात. इंचभर जाडीला निदान एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब तबलीसाठी किमान समजावा. एक पूर्ण पावसाळा आणि त्यामागचा पूर्ण उन्हाळा लाकडावरून गेला की ते इथल्या हवेला सरावतं. बाहेरून आणलेल्या, भट्टीत सुकवलेल्या स्प्रूसलाही हा नियम लागू आहे. ते कोरडं असतं हे खरं, पण कोल्हापूरच्या हवेत काही महिने काढल्याशिवाय त्याला हात लावू नये.

लाकूड मुरलं हे ओळखायचं कसं? दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करावं. वजन उतरत जातं, मग थांबतं. कोरड्या ऋतूत लागोपाठ दोन-तीन महिने ते स्थिर राहिलं की लाकूड तयार. जास्त खात्री हवी असेल तर त्याच लाकडाचा एक छोटा तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवावा आणि वजन उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत मधूनमधून तोलावा. तुकडा आधी ५४ ग्रॅम होता आणि शेवटी ५० राहिला, तर त्यात ४ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ओलावा ८ टक्के. तबलीला हाच आकडा हवा, ८ ते ९.

हा आकडा कोल्हापुरात दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत मिळतो. म्हणून कामाचं वेळापत्रक ऋतूवरून बांधावं. पावसाळ्यात खरेदी, चिरणं, मानेची आणि बाजूंची तयारी, घोडी आणि खुंट्यांची कामं करावीत. तबलीचा सांधा जोडणं, आत दांडी चिकटवणं आणि तबली खोक्यावर बसवणं ही तीन कामं नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच उरकावीत. ऑगस्टमध्ये बसवलेली तबली तेव्हा फुगलेली असते; पुढच्या एप्रिलात ती आक्रसायला लागते आणि कडा तिला सोडत नाहीत. उलट कोरड्या दिवसांत बसवलेली तबली पावसाळ्यात थोडी वर उचलली जाते, घोडी जराशी उंचावते, एवढंच. ते सोसतं. भिंतीवर घड्याळाशेजारी एक साधा आर्द्रतामापक लावावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असेल त्याच दिवशी सरस तापवायला घ्यावा.

सांधा हा तबलीचा कणा. दोन्ही पाचरींच्या जाड कडा लांब रंध्यानं अशा सरळ कराव्यात की एकमेकांवर ठेवून खिडकीसमोर धरल्या तर प्रकाशाची रेघही दिसू नये. वलयं ज्या बाजूला दाट असतात ती बाजू मध्यावर आणण्याची पद्धत आहे. जोडताना गरम सरस वापरावा. तो पाण्यात भिजवून दुहेरी भांड्यात ६० ते ६३ अंशांवर ठेवावा. उकळला तर त्याची पकड जाते. सरसाचा सांधा कडक सुकतो, ताणाखाली घसरत नाही, आणि पुढे कधी दुरुस्ती करावी लागली तर गरम ओल्या सुरीनं उघडता येतो. पांढरा गोंद सोपा आहे, पण सततच्या ताणाखाली तो वर्षांमागून वर्षं किंचित सरकत राहतो. मान आणि तबलीच्या बाबतीत ही सवलत परवडत नाही.

कोरताना आधी बाहेरचा फुगवटा पूर्ण करावा. मध्याची उंची कडेपासून १५-१६ मिलिमीटर धरावी. मग आतून पोखरायला घ्यावं आणि सगळीकडे ६-७ मिलिमीटर जाडी राहिली की थांबावं. तबली दोन-तीन आठवडे तशीच दोरीनं टांगून ठेवावी. आतला भाग उघडा पडल्यावर लाकडातले दबलेले ताण मोकळे होतात, तबली थोडी पिळते, वाकते. ते पिळणं आताच होऊन जाऊ द्यावं. त्यानंतर शेवटची जाडी: मध्यावर साडेचार ते पाच मिलिमीटर, कडेजवळच्या खोलगट पट्ट्यात तीनच्या आसपास. लाकूड हलकं निघालं तर थोडं जाड ठेवावं, जड आणि ताठ निघालं तर थोडं उतरवावं. दुसऱ्याच्या मेंडोलिनचे आकडे पाठ करून कोरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो, पण प्रत्येक फळीची जाडी तिच्या ताठरतेवरून ठरते. तळहाताच्या आधारावर तबली ठेवून दोन्ही अंगठ्यांनी मध्यभागी हलकेच दाबावं. ती किंचित लवली पाहिजे आणि सोडताच परत आली पाहिजे. कडेचा पट्टा पातळ करत जाताना ठोकल्याचा आवाज हळूहळू खाली उतरतो आणि मोकळा होतो. तो मोकळा झाल्यावर पटाशी खाली ठेवावी. आणखी थोडं, आणखी थोडं करताना पुष्कळ चांगल्या तबल्या वाया गेल्या आहेत.

आतल्या बाजूला काहीही लावू नये, तेल तर नाहीच. जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि आवाज बोथट करतं. बाहेरून लाखेचं पातळ पॉलिश, सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते, कापडाच्या बोळ्यानं अनेक हातांत चढवावं. जाड चमकदार लॅकरनं वाद्य दुकानात उठून दिसतं, पण त्या थराचं वजनही तबलीलाच वाहावं लागतं.

किडीबद्दल थोडं. तूनचा लाल गाभा सुरक्षित असतो, सालीकडचा पांढरा पट्टा नाही. त्या पट्ट्यात पिष्ट असतं आणि भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. फळीखाली मैद्यासारखी भुकटी पडलेली दिसली तर ती फळी बाकीच्या साठ्यापासून त्याच दिवशी दूर करावी. तबलीत पांढरा पट्टा मुळीच येऊ देऊ नये.

खरेदीची पावती आणि वाहतुकीचा पास मागून घ्यावा, ओळखीच्या वखारीतसुद्धा. पडद्यांच्या पट्टीसाठी शिसवी वापरणार असाल तर ही कागदपत्रं विशेष सांभाळावीत. शिसवीच्या साऱ्या जाती जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली आल्या आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली असली, तरी वाद्य परदेशी पाठवायची वेळ आली तर लाकूड कुठून आलं हे विचारलं जाऊ शकतं.

राहता राहिलं जुनं लाकूड. कोल्हापुरातले जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. त्यांच्या तुळया, तक्तपोशीच्या फळ्या, दारांच्या चौकटी गेली कित्येक दशकं इथलाच पाऊस आणि इथलंच ऊन सोसत मुरलेल्या आहेत. इतकं सरावलेलं लाकूड आज कोणतीही वखार देऊ शकत नाही. त्यातलं बरंचसं सागवान असतं आणि ते मेंडोलिनच्या मानेला अव्वल. अधूनमधून तून किंवा सूचिपर्णी लाकडाच्या रुंद फळ्याही निघतात आणि लाकूड ओळखणारं कुणी जवळ नसलं की थेट बंबात जातात. आपल्या घरातला, नात्यातला असा वाडा उतरवायला काढला असेल, तर जळाऊ लाकडाचा सौदा होण्याआधी मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या वाद्यकारागिराला एकदा बोलावून त्या फळ्या दाखवा. खिळे काढून, टोकं तासून बघायला त्याला फार तर अर्धा दिवस लागेल.